दाढेतला महादेव

मालनआक्का अजून ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते. कुणावर चार पानं लिहायला घेतली की वाचणारे त्या माणसाला मनातल्या मनात हार घालून मोकळे होतात. आक्कांना हे कळलं तर त्या मानवतहून एसटीनं परभणीला येऊन माझ्याशी भांडतील, आणि ते भांडण माझ्या सबंध कॉलनीला ऐकू जाईल.

मी शाळेत शिक्षिका. बदली होऊन मानवतला गेले तेव्हा आम्हाला मिळालेलं भाड्याचं घर आक्कांच्या घराला लागून होतं. टेम्पोतून सामान उतरत होतं तेवढ्यात एक उंच, सडसडीत बाई चहाची किटली घेऊन आल्या. बशा आमच्याच खोक्यातून हुडकून काढल्या, चहा ओतला आणि मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या बाई. आधी दर्शन घ्या."

असं म्हणून त्यांनी मान मागं टाकली, तोंड होईल तेवढं उघडलं आणि डावा गाल बोटानं बाजूला ओढून धरला. आत मागच्या दोन दाढांमध्ये काळपट, करडी चांदी भरलेली होती. मला वाटलं, बाईंना दाढेचा त्रास आहे. मी विचारलं, "इथं चांगला डॉक्टर आहे का दातांचा?"

"डाक्टर काय करील? डाक्टरानंच बसवलाय. महादेव हाय तिथं."

मी माझ्या यजमानांकडं पाहिलं. यजमानांनी घराकडं पाहिलं. घर बदलायला उशीर झालेला होता.

महादेवाची हकिगत नंतर मला इतक्या वेळा ऐकावी लागली की आता मी ती झोपेतही सांगू शकते. आक्कांचं माहेर चुडाव्याचं. लग्नाआधी त्यांच्या दाढा किडल्या, तेव्हा वडिलांनी आगगाडीनं परभणीला नेऊन त्या भरून आणल्या. काय भरलं हे कुणी विचारलं नाही, डॉक्टरनं सांगितलं नाही. चांदी भरली एवढंच माहेरी माहीत होतं, आणि पोरीच्या अंगावर तेवढी तरी चांदी चढली म्हणून आजी खूश होती. पुढं लग्न झालं, मानवतला आल्या, रोहिणी झाली. रोहिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी. गूळ-शेंगदाण्यांवर वाढलेली. शाळेत असताना तिचीही दाढ किडली. आक्का तिला हाताला धरून परभणीला त्याच डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टर आता म्हातारे झाले होते, पण काम जुन्याच पद्धतीनं करायचे. छोट्या खलात काहीतरी घोटत बसले होते. रोहिणीनं विचारलं, हे काय? डॉक्टर म्हणाले, "चांदीची भुकटी आणि पारा."

दाढ भरून झाल्यावर आक्का लेकीला घेऊन देवाला गेल्या. परभणीत पाऱ्याच्या शिवलिंगाचं देऊळ आहे; आमच्याकडं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पाहुणे आले की तिथं नेतातच. आक्का गाभाऱ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं त्यांच्या कानावर पडलं, की पारा वाहता असतो, तो दुसऱ्या धातूत मिसळून असा घट्ट करावा लागतो. आक्कांनी पिंडीकडं पाहिलं. मग रोहिणीच्या गालाकडं पाहिलं. मग स्वतःच्या दाढांवरून जीभ फिरवली. मानवतला परतताना एसटीतल्या सगळ्या लोकांना कळलं, की या मायलेकींच्या तोंडात महादेव आहे.

सगळ्यांना कळलं याचं कारण आक्कांचा आवाज. माहेरचं घर रुळाला लागूनच होतं. "गाडी आली की बोलणं थांबवायचं का? मंग दिसभर थांबूनच ऱ्हावं लागल," असं त्या म्हणत. गाडीच्या वरताण बोलायची ती सवय सासरी रूळ नसतानाही राहिली. आक्का न्हाणीत देवाचं म्हणायला लागल्या की समोरच्या गल्लीत लोक घड्याळं लावत.

घरात महादेव म्हटल्यावर सोवळंओवळं आलंच. घर शेतकऱ्याचं, खाणं सगळं तिखटजाळ, कांद्या-लसणाशिवाय घास पुढं न जाणारं. आक्कांनी वाट काढली. कांदा, लसूण उजवीकडं चावायचा; दूध, भात, गोडधोड डावीकडं. मटणाच्या दिवशी तर सगळा घास उजवीकडं सरकवताना त्यांचं तोंड असं काही वाकडं व्हायचं, की नवीन माणसानं घाबरून पाणी आणावं. त्यांचे यजमान दादाराव बाजार समितीतून निवृत्त झालेले. मोजकं बोलणारे गृहस्थ. ते मला म्हणाले, "बाई, हिच्या उजव्या दाढा झिजून चालल्या, अन् डावीकडं निस्ता नैवेद्य चाललाय."

आक्का गप्प बसल्या असं फक्त एका वेळी व्हायचं. वैशाखात दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि वीज चमकायला लागली, की त्या तोंड गच्च मिटून माजघरात भिंतीला पाठ लावून बसत. तोंडात धातू आहे, वीज त्यावर येते, अशी त्यांची पक्की समजूत. महादेव असला तरी विजेपुढं त्यांना त्याचा भरवसा वाटत नसे. मी एकदा म्हटलं, आक्का, वीज काय तोंडात डोकावून बघते का? त्यांनी ओठ न उघडता, नुसत्या डोळ्यांनी मला असं झापलं की मी परत बोलले नाही. तेवढा वेळ सगळ्या गल्लीत शांतता असायची. दादाराव मग खुर्ची अंगणाकडं तोंड करून ठेवत, आभाळाकडं बघत आणि सावकाश पेपर वाचत. आभाळ मोकळं व्हायला लागलं की त्यांचं तोंड उतरायचं.

पण आक्का खऱ्या ओळखल्या जात त्या बाळाच्या अंघोळीसाठी. गल्लीत कुणाकडंही बाळंतपण झालं की बाळ न्हाऊ घालायला मालनआक्का. कुणी बोलवायचंही कारण नसे. बाळ दवाखान्यातून घरी आलं की या पदर खोचून दारात हजर. माझी मुलगी झाली तेव्हा माझ्या आईची कंबर धरली होती, त्यामुळं तिला आक्कांच्याच हवाली केलं. त्या पाटावर बसायच्या, दोन्ही पाय लांब करायच्या आणि त्या पायांवर बाळाला पालथं घालायच्या. हळद, साय, डाळीचं पीठ. आणि तोंडानं अखंड दम भरणं चालू. "रड, रड. मोठ्यानं रड. बापाला ऐकू जाऊ दे. आईनं मारलं म्हणून सांग. न्हाई मारलं? मंग कामून रडायलीस?" माझी पोरगी त्या आवाजानं इतकी चकित व्हायची की रडायचं विसरायची.

अंघोळीचा शेवट ठरलेला. बाळाला पंच्यात गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं आणि दोन्ही कानांत, मग नाकावर फुंकर. फू, फू, फू. मी पहिल्या दिवशी विचारलं, हे कशाला? आक्का म्हणाल्या, "कानात पाणी ऱ्हायलं तर लेकरू मोठेपणी ऐकत न्हाई. तुमच्या मालकाच्या कानात कुणी फुंकलं न्हाई, बगा." यजमान आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं होतं, पण ते गप्प राहिले.

तर ही फुंकर साधी नव्हती. "महादेवाला लागून गेलेला वारा हाय," असं आक्का सांगत, आणि गल्लीतल्या बायकांचा त्यावर विश्वास बसला होता. कुणाचं बाळ रात्रभर किरकिरलं की सकाळी आणून आक्कांच्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "आक्का, जरा डावीकडून फुंका." आक्का तोंड वाकडं करून डावीकडून फुंकत. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते आणि घरी माझ्या लेकीला ही फुंकर घेऊ देत होते. आता कुणी मला बोल लावला तर लावो. त्या बाईंच्या मांडीवर माझं बाळ जितकं सुखात असे तितकं ते माझ्याकडंही नसे, हे मला दिसत होतं.

रोहिणीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती, तिथं नोकरी करत होती. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून आक्कांनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली. गल्लीतल्या सगळ्यांची लेकरं न्हाऊ घातली, आता आपल्या लेकीचं बाळ आपल्या पायांवर येणार. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पाट नवा करून घेतला. जुना पाट चांगला होता, पण "त्याच्यावर समदे परके बसलेत," म्हणाल्या.

सातव्या महिन्यात रोहिणी माहेरी आली. पोरगी आईसारखीच मोकळी, फक्त आवाज पुण्यात थोडा खाली आलेला. एके दुपारी जेवणं झाल्यावर ती पलंगावर पडून फोनवर काहीतरी वाचत होती. वाचता वाचता हसायला लागली. "आई, ऐक. तुझा महादेव वाफ सोडतो म्हणं." आणि तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, की दाढेत भरलेल्या चांदीत निम्मा पारा असतो, चावताना, गरम पिताना त्याची थोडी वाफ सुटते, पारा विषारी असतो, गरोदर बायकांनी काळजी घ्यावी. एवढं वाचून झालं आणि रोहिणीला झोप लागली. पुढचं तिनं वाचलंच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर गल्लीत काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते आधी कळेना. मग लक्षात आलं, आक्कांचा आवाज नाही. आभाळ तर स्वच्छ होतं. मी तशीच त्यांच्याकडं गेले. दारातच दादाराव भेटले, हवालदिल झालेले. "बाई, जरा बगा. दुपारपासून एक शबुद न्हाई. इतकी वर्षं ही गप बसावी म्हणून मी देवाला इनंती करायलो होतो, अन् आता मलाच करमंना झालंय."

आक्का अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, कडीपत्त्याच्या झाडाखाली बसल्या होत्या. पदर तोंडावर धरलेला. समोर चहा, गार होऊन साय धरलेला. मी जवळ जायला लागले तर हात वर केला. "बाई, लांबून बोला."

"काय झालं आक्का? दाढ दुखते का?"

पदराआडून हळू आवाज आला. आक्कांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मी महादेव समजले बाई, अन् ते इख निघालं. माझ्या तोंडात ऱ्हायलं त्याचं काई न्हाई. माझं आता काय ऱ्हायलंय? पर पोरीला हाताला धरून नेलं की मी. रडायली होती ती खुर्चीवर. मी म्हणले, गप बस, चांदी भरायलेत. आता तिच्या पोटात लेकरू हाय."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मान मागं टाकून हसणारी ही बाई रडताना मात्र अगदी लहान होऊन बसली होती, आणि मला फार वाईट वाटलं.

रात्रीच्या जेवणाच्या आत त्यांनी सगळं ठरवूनही टाकलं. गरम चहा बंद. भाकरी दुधात कुस्करून, न चावता. रोहिणीशी बोलायचं तर अंगणातून. उद्याच्या उद्या तिची चांदी उकरून काढायची, आपलीही काढायची. आणि बाळाला न्हाऊ घालायला पलीकडच्या गल्लीतल्या कोंडाबाईला सांगायचं. हे शेवटचं ऐकून मी हबकलेच. कोंडाबाईंबद्दल आक्का नेहमी म्हणायच्या, "त्या बाईच्या हातातनं लेकरू साबणाच्या वडीवानी निसटतं." आपलं नातवंड त्या हातात द्यायला आक्का तयार झाल्या होत्या.

रोहिणी म्हणाली, "आई, मी गंमत केली गं." पण गंमत हाताबाहेर गेली होती. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दातांच्या दवाखान्यात गेलो. मानवतमध्ये आता एक तरुण डॉक्टरीण आली होती. बारीकशी, चष्मेवाली, आमच्याच भागातली असावी असं बोलण्यावरून वाटत होतं. आक्का तिच्यासमोर पदर तोंडावर धरून बसल्या आणि पदरातूनच म्हणाल्या, "ह्या पोरीची चांदी काढा. आजच."

डॉक्टरणीनं रोहिणीची दाढ पाहिली. आरसा फिरवला, टकटक करून पाहिलं. "दाढ एकदम पक्की आहे. कड कुठं तुटली नाही, खाली किडलं नाही. मी हात लावणार नाही हिला."

"कामून?"

"अहो मावशी, चांदी उकरायला लागलं की तेव्हाच पारा जास्त उडतो. गरोदर बाईच्या तोंडात तर मी मुळीच उकरणार नाही. आहे तशी ती गप बसलीय, बसू द्या."

"वाफ सुटती म्हणं की चावताना."

"सुटते. खोटं कशाला बोलू? पण अगदी थोडी. एवढ्यानं बाळांना काही झालं असं तपासण्यांत दिसलेलं नाही."

"मंग तुमी अजून भरता का चांदी?"

"आता गरोदर बायकांना, लहान लेकरांना नाही भरत. दाताच्या रंगाचं भरतो."

आक्कांनी पदर किंचित खाली केला. वादात त्या कधी हरत नसत. "म्हंजे काईतरी हाय की त्याच्यात! न्हाईतर कामून बंद केलं?"

"खबरदारी म्हणून, मावशी. पारा चांगला नाही, म्हणून नवीन नको. आणि जुनी पक्की बसलेली उकरली तर उलट जास्त सुटतो, म्हणून तीही नको. दोन्ही खरं आहे."

"मला गॅरंटी पायजे."

"गॅरंटी मी या खुर्चीची पण देत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "बाळंतपण होऊ द्या, लेकरू दूध तोडू द्या, मग दाढ कधी खराब झालीच तर बदलू सावकाश. तोवर दात घासा, गूळ कमी खा. आता तुमची दाखवा."

आक्का तोंड उघडेनात. पदर पुन्हा वर गेला. मला वाटलं, आता काही होत नाही. तेवढ्यात पदरामागून त्यांनी ती गोष्ट विचारली जी त्यांना सगळ्यात जास्त खात होती. "अन् मी लेकराला न्हाऊ घालून कानात फुंकर मारली, तर वाफ जाईल का त्याच्या कानात?"

डॉक्टरणीच्या हातातला आरसा तिथंच थांबला. "फुंकर? बाळाच्या कानात? कशाला मारता?"

"पाणी निघाया."

"मावशी, पाऱ्याचं सोडा. तोंडात किती जंतू असतात! चांदी असो, सोनं असो, कवळी असो, बाळाच्या कानात-नाकात कुणीच फुंकू नये. कान फुटतात लेकरांचे. मऊ फडक्यानं वरच्यावर टिपायचं, बस्स."

मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघायला लागले. माझ्या लेकीचाही कान एकदा वाहिला होता, आणि आम्ही आक्कांना डावीकडून फुंकायला बोलावलं होतं. आक्कांचे डोळे मोठे झाले. सगळ्या गल्लीतली लेकरं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असणार. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे पारा चांगला होता, अन् माझा थुकाच वंगाळ?"

रोहिणीला आधी हसू फुटलं. मग मला. आणि मग आक्कांच्या पदराआडून काहीतरी गुडगुडल्यासारखं झालं, पदर खाली पडला, मान मागं गेली आणि त्या हसल्या. दवाखान्याच्या काचा वाजल्या. बाहेर बसलेला एक पेशंट उठून आत डोकावून गेला.

"हां, असंच धरा, असंच धरा," म्हणत डॉक्टरणीनं तेवढ्यात आरसा आत घातला. "तुमच्या पण दोन्ही पक्क्या आहेत. आमच्या आधीच्यांनी काम चोख केलंय."

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "मग आक्का, महादेवाचं काय?" त्यांनी जरा विचार केला. "देवळातला महादेव देवळात हाय, तो बरा हाय. त्याला कुणी चावत न्हाई." त्या दिवशी त्यांनी कांदा डावीकडंही चावला. दादारावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक फोड वाढली.

आता बाळाला न्हाऊ आक्काच घालणार हे नक्की झालं, पण मधे फुंकर आडवी आली. इतक्या वर्षांची सवय. अंघोळ संपली की ओठांचा आपोआप चंबू व्हायचा. ही सवय मोडायला त्यांनी बाजारातून एक लाल भोपळा आणला, लांबट, बाळाच्या आकाराचा. त्याला रोज सकाळी नव्या पाटावर बसून तेल लावलं, पायांवर पालथं घातलं, पाणी घातलं, दम भरले, पंच्यात गुंडाळलं. समोर दादाराव खुर्ची टाकून बसलेले. चंबू झाला की ते ओरडत, "हाणली! हाणली फुंकर!" आक्का म्हणत, "न्हाई हाणली, निस्तं तोंड केलं." "तोंड बी करायचं न्हाई!" गल्लीतल्या बाया हे बघायला जमत आणि भोपळा गोरा आहे की सावळा, कुणावर गेलाय, यावर चर्चा करत. पहिल्या भोपळ्याची शेवटी भाजी झाली. आक्कांनी ती खाल्ली नाही. "मांडीवर घेतलेला होता," म्हणाल्या.

रोहिणीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिली अंघोळ होती त्या दिवशी मी शाळेत अर्धी रजा टाकली. सगळं ठीक झालं. तेल झालं, पाणी झालं, दम भरून झाले. बाळाला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तो क्षण आला. आक्कांच्या ओठांचा चंबू झाला. दादाराव खुर्चीतून अर्धे उठले. आक्कांनी मान झटकन बाजूला फिरवली आणि फू, फू, फू, तिन्ही फुंकरा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या साडीवर मारल्या. मग मऊ फडकं घेऊन बाळाचे कान इतक्या हलक्या हातानं टिपले, की बाळाला पत्ताही लागला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण पुढच्या दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट येत गेली. अंघोळ झाली की आक्का बाळाला लगेच रोहिणीकडं देत. मांडीवर घेतलं तरी तोंड दुसरीकडं. बाळाशी बोलायचं तर पदर आड धरून. मुका म्हणून एकदाही घेतला नाही. डॉक्टरणीचं सगळं त्यांना पटलं होतं, दुसऱ्या बायकांना त्या ते तावातावानं समजावूनही सांगत होत्या. पण स्वतःच्या नातीच्या जवळ तोंड नेताना मन आडवं यायचं. रोहिणीही हे पाहत होती.

अशातच माझी परभणीला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं, यजमान आणि लेक पुढं जाऊन बसले, आणि मी निरोप घ्यायला आक्कांकडं गेले. त्यांनी नुकतीच अंघोळ आटोपली होती. माजघरात शेकाचा, ओव्याचा वास भरला होता. मला बघून त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी बाळ रोहिणीच्या हातात द्यायला पुढं केलं.

रोहिणीनं ते घेतलं नाही. "आई, आधी मुका घे तिचा."

"ऱ्हाऊ दे. घेईन नंतर."

"नंतर कवा? मी पुण्याला गेल्यावर?"

आक्कांचा पदर वर गेला.

रोहिणी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. पुण्यात खाली आलेला आवाज आता आईच्या आवाजाइतका वर आला होता. "मी तुझ्या पोटात होते, तवा तुझ्या दाढेत चांदी होती का न्हवती?"

"होती की. लग्नाच्या आधीची हाय."

"मला न्हाऊ कुणी घातलं? मुके कुणी घेतले?"

"मीच. दुसरं कोण घेणार?"

"मग सांग, माझं काय बिघडलं?"

आक्का लेकीकडं बघत राहिल्या. तिच्या केसांकडं, तिच्या हातांकडं, तिच्या भरल्या अंगाकडं. बाळंतपणानं सुजलेले तिचे पाय, उन्हानं रापलेलं नाक, सगळं जसं काही त्या पहिल्यांदा मोजून घेत होत्या. डॉक्टरणीचं बोलणं जिथं पोचलं नव्हतं तिथं हे पोचलं, एवढं मला दिसलं. पदर खाली आला.

"बिघडलीस की," त्या म्हणाल्या. "पुण्याला गेलीस."

रोहिणी हसली आणि हसता हसताच रडायला लागली. दादाराव उगाच फडक्यानं खुर्ची पुसायला लागले. आक्कांनी बाळाला वर उचललं, गालाशी धरलं आणि त्या इवल्या गालावर तोंड टेकवलं.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी उठले, चपला घातल्या, "येते आक्का," म्हणाले. त्यांनी तोंड वर केलं नाही. बाळाच्या गालावर तसेच ओठ ठेवून त्यांनी एक हात नुसता वर केला आणि मला जायला सांगितलं.